‘हार्मोन्सची गडबड’ नेमकी कुठे?



मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या आरोग्य गटाच्या बैठकीला एक मैत्रीण पिशवीत जपून एक डबा घेऊन आली. ही चार घरची धुणीभांडी करते. डब्यात पावडर होती आणि डब्यावर एका हसऱ्या, सडसडीत बाईचं चित्र. किंमत १,८०० रुपये. एका घरच्या बाईंकडून उचल घेऊन तिने तो मुलीसाठी आणला होता. मुलगी एकोणीस वर्षांची. तिची पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर केस येतात, वजन वाढतंय. डॉक्टर म्हणाले पीसीओडी. मोबाइलवरची जाहिरात म्हणाली, पोटातले चांगले जिवाणू वाढवा, हार्मोन्स आपोआप जागेवर येतील. डबा माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, “ताई, खरं सांगा, पोटातल्या किड्यांचा आन् पाळीचा काय संबंध?”

बैठकीत हशा पिकला. मला मात्र हसू आलं नाही. एक तर तिचा प्रश्न अगदी नेमका होता. आणि दुसरं म्हणजे ‘हार्मोन्सची गडबड’ या शब्दांशी माझं जुनं वैर आहे.

सतरा वर्षांपूर्वी, मी अडतीस वर्षांची असताना मला अंगावरून फार जायचं. तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, “हार्मोन्सची गडबड आहे. दोन मुलं झालीत ना? मग पिशवी कशाला सांभाळत बसता? काढून टाका, कटकट मिटेल.” सही नवऱ्याने केली. मी स्वतः शिबिरांमधून ‘आपलं शरीर, आपला हक्क’ शिकवणारी बाई, पण त्या दिवशी दुखण्याने आणि भीतीने माझी वाचा बसली होती. सहा महिन्यांनी रात्री-अपरात्री अंग पेटू लागलं, घामाने उशी भिजू लागली, तेव्हा मी दवाखान्यातून मिळालेला कागद नीट वाचला. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली होती. ती काढणार असं कुणी सांगितलं नव्हतं, नंतर काय होईल तेही सांगितलं नव्हतं. पुढे बेचाळिसाव्या वर्षी, नुसती पायरीवरून घसरले तर मनगट मोडलं.

हे माझं एकटीचं रडगाणं असतं तर इथे मांडलं नसतं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. पाळीमुळे खाडा नको, मुकादमाचा दंड नको, पांढरं जाण्याचा त्रास नको, कॅन्सरची भीती नको, या सगळ्यावर एकच उतारा होता, पिशवी काढा.

म्हणून त्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर मी टाळू शकत नव्हते. मी महिनाभर वाचत बसले, आमच्या ओळखीच्या एका डॉक्टर मैत्रिणीला छळलं. जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवते आहे, आणि त्याबद्दल माझं म्हणणंही.

आधी शास्त्र पाहू. शिबिरात आपण चित्र काढून सांगतो तसंच.

अंडाशयात इस्ट्रोजेन तयार होतं, ते रक्तातून अंगभर फिरतं, हे आपण सगळ्या सांगतो. पण काम झालेल्या इस्ट्रोजेनचं पुढे काय होतं, हे आपण कधी सांगत नाही. ते यकृतात जातं. यकृत त्याला एका साखरेपासून बनलेल्या आम्लाशी बांधून टाकतं, जणू बोचकं बांधून ठेवतं. बांधलेलं इस्ट्रोजेन काम करू शकत नाही. त्यातलं काही लघवीवाटे जातं, काही पित्ताबरोबर आतड्यात उतरतं. तिथून ते शौचावाटे बाहेर जायचं. पण आतड्यात जिवाणूंची वस्ती असते. त्यातल्या काहींकडे एक विकर असतं, त्याचं नाव बीटा-ग्लुकुरोनिडेज. हे विकर बोचक्याची गाठ सोडतं. गाठ सुटली की इस्ट्रोजेन पुन्हा मोकळं होतं, आतड्यातून रक्तात परत जातं आणि पुन्हा कामाला लागतं. म्हणजे अंगातलं इस्ट्रोजेन किती, हे एकट्या अंडाशयावर ठरत नाही. यकृत, आतडी, त्यातले जिवाणू, आपण खाल्लेला कोंडा आणि पोट साफ होतं की नाही, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो.

ही गोष्ट आजची नाही. १९७० च्या दशकात गर्भ कसा आहे हे पाहायला गर्भवतीच्या लघवीतलं इस्ट्रोजेन मोजत असत. फिनलंडच्या हर्मन अ‍ॅडलरक्रॉइट्झ या संशोधकाच्या गटाला दिसलं की गर्भवतीला अँपिसिलिन हे प्रतिजैविक दिलं की लघवीतलं इस्ट्रोजेन घटतं आणि शौचातलं, बांधलेल्या रूपातलं, वाढतं. औषधाने जिवाणू मेले, गाठ सोडायला कुणी उरलं नाही, बोचकं तसंच बाहेर गेलं. पुढे २०११ साली प्लॉटेल आणि ब्लेझर या अमेरिकन संशोधकांनी इस्ट्रोजेनवर काम करणाऱ्या या जिवाणूंच्या जनुकसंचाला ‘इस्ट्रोबोलोम’ असं नाव दिलं. नाव नवं, पण बाईच्या पोटात हे काम पूर्वीपासून चालूच होतं.

तर मैत्रिणीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं, की हो, संबंध आहे. पण डब्यावर छापलंय तसा नाही.

पीसीओडीचंच घ्या. २०१९ साली चिनी संशोधकांनी दाखवलं की हा त्रास असलेल्या बायकांच्या आतड्यात एका जातीचे जिवाणू जास्त असतात. ते उंदरांच्या पोटात घातल्यावर उंदरांच्याही अंडाशयात तसेच बिघाड दिसले. धागा महत्त्वाचा आहे. पण उंदीर म्हणजे बाई नव्हे. आणि कोणत्या जातीचे जिवाणू, किती, किती दिवस दिले म्हणजे आपल्या मुलींची पाळी सुरळीत होईल, याचं पक्कं उत्तर आज कुणाकडे नाही. माणसांवरचे प्रयोग लहान आहेत, निष्कर्ष कच्चे आहेत. मग १,८०० रुपयांच्या डब्यावर इतक्या खात्रीने कोण बोलतंय? बाजार बोलतोय.

हा बाजार आपल्याला नवा नाही. पाळी गेलेल्या बायकांना ‘सदा तरुण राहा’ म्हणत वर्षानुवर्षं हार्मोनच्या गोळ्या विकल्या गेल्या. २००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर आणि पक्षाघात वाढल्याचं दिसलं, आणि तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. त्यानंतर हवा अशी फिरली की ज्यांना त्या औषधाची खरोखर गरज असू शकते त्यांनाही कुणी विचारेना. माझ्यासारख्या, चाळिशीच्या आत अंडाशयं काढलेल्या बाईला, दुसरी अडचण नसेल तर पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत डॉक्टरच्या देखरेखीखाली हार्मोन द्यावेत, असं वैद्यकशास्त्र सांगतं. मला ते कुणी सांगितलं नाही. जिला गरज नाही तिच्या गळ्यात मारायचं, जिला गरज आहे तिला सांगायचंच नाही, असा हा न्याय आहे.

२०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचताना मी माझ्या मोडलेल्या मनगटाकडे पाहत राहिले. मादी उंदरांची स्त्री-संप्रेरकं बंद केली की त्यांची हाडं झिजतात. पण जन्मापासून जिवाणूविरहित ठेवलेल्या उंदरांची हाडं तशी झिजली नाहीत. संप्रेरकं गेल्यावर आतड्याचं अस्तर सैल होतं, जिवाणूंमुळे अंगात दाह वाढतो आणि तो दाह हाडं खातो, असं त्यांचं म्हणणं. पुन्हा सांगते, हे उंदरांचं आहे. पण यातून एक गोष्ट लक्षात येते. अंडाशय म्हणजे मुलं झाल्यावर फेकून द्यायची वस्तू नाही. त्याचे धागे आतड्यापर्यंत आणि हाडापर्यंत गेलेले आहेत. ‘कटकट मिटेल’ म्हणणाऱ्याने यातला एकही धागा बघितलेला नसतो.

आता खाण्याबद्दल. १९८२ साली बॉस्टनच्या गोल्डिन आणि गोरबाख यांच्या गटाने दहा शाकाहारी आणि दहा मांसाहारी बायकांची तुलना प्रसिद्ध केली. शाकाहारी बायकांच्या शौचातून इस्ट्रोजेन जास्त बाहेर जात होतं आणि रक्तात ते कमी होतं. हे वाचून आपल्याकडे लगेच ‘बघा, शाकाहारच श्रेष्ठ’ म्हणणारे उभे राहतील. त्यांना दोन गोष्टी सांगाव्यात. एक, फरकाचं मुख्य कारण तंतुमय अन्न आणि त्यामुळे वाढलेलं शौचाचं वजन हे होतं. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी आणि सोबत सुके बोंबील खाणाऱ्या बाईच्या ताटात तंतू भरपूर असतात. मैद्याचे पदार्थ आणि गोडधोड खाणाऱ्या शुद्ध शाकाहारी घरात ते नसतात. जिवाणूंना जात कळत नाही, सोवळं कळत नाही. दुसरं, रक्तात इस्ट्रोजेन कमी म्हणजे नेहमी चांगलंच असं नाही. पाळी गेल्यानंतर ते जास्त असणं स्तनाच्या कॅन्सरच्या धोक्याशी जोडलेलं आहे, पण अवेळी फार कमी झालं की काय होतं ते मी भोगते आहे. ‘संतुलन’ हा शब्द जाहिरातीत सोपा वाटतो. वय, शरीर, परिस्थिती बदलली की त्याचा अर्थ बदलतो.

आणि मला सर्वात टोचलेली गोष्ट आता सांगते. १९९७ साली ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या बायकांवर एक अभ्यास झाला. कोंडा किंवा सोनामुखी देऊन शौचाचा वेग वाढवला तर रक्तातल्या इस्ट्रोजेनचं प्रमाण उतरलं. (म्हणून कुणी सोनामुखी घेत सुटू नका, रोज जुलाबाची औषधं घेणं चांगलं नाही.) म्हणजे पोट तुंबलेलं असणं आणि संप्रेरकं यांचाही संबंध आहे. आता आपल्या बायकांचं पोट का तुंबतं, याचा विचार करा. अंधार पडेपर्यंत शौचाला जाता येत नाही म्हणून. बाजारात दिवसभर भाजी विकताना संडास नाही म्हणून. लघवीला जावं लागू नये म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही म्हणून. सगळ्यांची ताटं झाल्यावर उरलेल्या भाताला आमटीचं पाणी लावून खायचं, डाळ आणि भाजी संपलेली, म्हणून. २०११ पासून मुंबईत संघटनांनी ‘राइट टू पी’ची मोहीम चालवली तेव्हा अनेकांनी थट्टा केली, मुतारीची कसली चळवळ म्हणून. त्यांना सांगायला हवं की बाईला दिवसभर रोखून धरायला लावणारी व्यवस्था तिच्या आतड्यापर्यंत पोचते. ‘हार्मोन्सची गडबड’ शोधायची तर आधी तिथे शोधा.

प्रतिजैविकांचंही तसंच. अंगावर पांढरं गेलं की तपासणी न करता गोळ्यांचं पाकीट, ताप आला की पाकीट, जुलाब झाले की पाकीट. १९८९ साली डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. आपल्या चळवळीत या आकड्यांवर खूप बोललं गेलं. पण आजही अनेक ठिकाणी तपासणी नाही आणि पाकीट मात्र आहे. त्या पाकिटाने रोगजंतू मरतात तसे आतड्यातले आणि योनिमार्गातले उपयोगी जिवाणूही मरतात. गरज असेल तेव्हा प्रतिजैविक जीव वाचवतं, ते घ्यायलाच हवं आणि पूर्ण घ्यायला हवं. पण तपासणीला पर्याय म्हणून पाकीट, हे आपण का चालवून घ्यायचं?

याच्याशी जोडलेला एक गैरसमज इथेच दूर करू. प्रतिजैविक घेतलं की कुटुंबनियोजनाची गोळी निकामी होते, असं सरसकट सांगितलं जातं. ते बरोबर नाही. नेहमीच्या बहुतेक प्रतिजैविकांनी तसं होत नाही. पण क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनने मात्र नक्की होतं. ते आतड्यातल्या जिवाणूंमुळे नव्हे, तर यकृत हार्मोन लवकर मोडून टाकतं म्हणून. टीबीचे उपचार घेणाऱ्या बाईने गोळीच्या भरवशावर राहू नये, दुसरं साधन वापरावं. ही दोन वाक्यं टीबीच्या प्रत्येक बाई पेशंटला सांगितली जातात का? तुमच्या भागात विचारून पाहा. सांगितली जात नसतील तर आपण सांगू या.

आता प्रश्न असा, की हे ज्ञान कुणाच्या शरीरावरून येतं? माणसाच्या अंगात जिवाणू किती, याचा चांगला हिशेब २०१६ साली झाला. पूर्वी सांगत की आपल्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात. नव्या हिशेबात दोन्ही साधारण सारखेच निघाले, ३८ लाख कोटींच्या आसपास. पण तो हिशेब कुणाचा? ७० किलो वजनाच्या, वीस ते तीस वर्षांच्या ‘प्रमाण पुरुषा’चा! बाईचा विचार त्यानंतरची दुरुस्ती म्हणून. २०२२ साली आणखी एक मोजणी प्रसिद्ध झाली. जगभरच्या अभ्यासांत जमा झालेल्या मानवी जिवाणूंच्या नमुन्यांपैकी ७१ टक्क्यांहून जास्त युरोप, अमेरिका आणि कॅनडातले होते, जवळपास ४७ टक्के एकट्या अमेरिकेतले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर काम झालं आहे, पण केजच्या ऊसतोड बाईच्या, धडगावच्या आदिवासी बाईच्या पोटावरून ‘निरोगी’ची व्याख्या अजून कुणी केलेली नाही. आणि डबा मात्र तिला विकायचा!

मला आणखी एका गोष्टीची धास्ती वाटते. हे सगळं हळूहळू बाईच्याच डोक्यावर येणार. दह्याला विरजण लाव, कांजी कर, आंबील घाल, मोड आण, घरातल्या सगळ्यांची पोटं सांभाळ. आजीच्या काळी असंच होतं म्हणून गोडवे गायले जातील. माझी आजी पहाटे चारला उठून जात्यावर बसायची आणि सगळ्यांच्या शेवटी जेवायची. तिच्या आंबिलीचं कौतुक करताना तिच्या उपाशीपणाचा विसर पडू देऊ नका. आंबील, ताक, मोडाची कडधान्यं चांगलीच आहेत. पण ती करणाऱ्या हातांत पुरुषाचेही हात हवेत आणि ती खाणाऱ्या तोंडांत पहिलं तोंड बाईचंही हवं.

काही मैत्रिणी म्हणतात, आपण हार्मोन्स, जिवाणू यात शिरलो तर पुन्हा बाईला तिच्या शरीराशीच बांधून टाकू. ही भीती मला समजते. बाई चिडली की हार्मोन, रडली की हार्मोन, हे आपण आयुष्यभर ऐकलंय. पण मला वाटतं, हे नवं शास्त्र उलट बाजूने आपल्या हातात येतं. संप्रेरकं म्हणजे गर्भाशयात लिहून ठेवलेलं नशीब नाही. बाईला काय खायला मिळतं, पाणी मिळतं का, आडोसा मिळतो का, औषध कोणतं आणि का दिलं जातं, हे त्यांत उतरतं. म्हणजे ती बदलता येणाऱ्या गोष्टींशी बांधलेली आहेत. ज्याच्याशी लढता येतं ते नशीब कसं?

म्हणून गटांनी पुढच्या बैठकांत या गोष्टी घ्याव्यात, असं मला वाटतं. ताटाची पाहणी करा, घरात डाळ-भाजी शेवटपर्यंत पुरते का, शेवटी कोण जेवतं. संडासाची पाहणी करा, बाजारात, बस स्टँडवर, फडावर. पिशवी काढायचा सल्ला मिळालेल्या बाईसोबत दुसऱ्या डॉक्टरकडे जा आणि ‘अंडाशयं ठेवणार की काढणार? का?’ हा प्रश्न सहीच्या आधी विचारा. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं अंमलात आणायला सगळ्या राज्यांना सांगितलं आहे. आपल्या जिल्ह्यात त्याचं काय झालं, हे लेखी मागा. आणि हार्मोन्सचे डबे विकायला कुणी वस्तीत आलं तर त्याला एवढंच विचारा, हा प्रयोग कुणावर केला, किती बायकांवर, आणि कागद कुठे आहे?

त्या मैत्रिणीच्या मुलीला आम्ही सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. साखर, थायरॉइड तपासलं. डॉक्टरीणबाईंनी नीट वेळ दिला, काय खायचं, किती चालायचं, औषध कधी लागेल ते समजावलं. पीसीओडीत इन्शुलिनचाही भाग असतो, नुसत्या अंडाशयाचा नाही, हे मुलीने पहिल्यांदा ऐकलं. डबा उघडलेला नव्हता म्हणून तिची आई तो परत द्यायला गेली, तर कुणी घेतला नाही. त्या दिवशी येताना ती म्हणाली, “ताई, अठराशे रुपये गेले. पर पुढच्या वेळी कुणी हार्मोनचं नाव काढलं, तर मी आधी इचारीन, कंच्या आन् कुठं.”

मी सतरा वर्षांपूर्वी एवढंच विचारायला हवं होतं.